हिरवी राहिलेली मोसंबी

आईच्या हातांना लिंबाचा वास यायचा. ऐकायला छान वाटतं, पण तो वास कुठून यायचा ते कळलं की छान वाटायचं थांबतं. कागदी लिंबाच्या झाडाला बोटभर काटे असतात. आई दुसऱ्यांच्या बागांत लिंबं तोडायला जायची, काट्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे निघायचे आणि फुटलेल्या लिंबांचा रस दिवसभर त्या ओरखड्यांत उतरायचा. संध्याकाळी घरी आली की ती हातांना गोडेतेल चोळायची आणि मग पिठात हात घालायची. घालताना ओठ घट्ट आवळायची. मी चुलीसमोर पाटी घेऊन बसलेली असायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया पीठ मळताना ओठ आवळतात.

इंदापूर तालुक्यात आमचं अडीच एकर रान, कालव्याच्या फाट्याच्या अगदी शेपटाला. कालव्याला पाणी सुटलं की वरची रानं भिजायची, मधली भिजायची, आणि आमच्यापर्यंत पोचायचा तो नुसता ओला पाट आणि त्यात अडकलेला पालापाचोळा. आबा, म्हणजे माझे वडील, फावडं घेऊन पाटावर जाऊन बसायचे. दोन दोन दिवस बसायचे. आई तिकडंच भाकरी पाठवायची. मी घेऊन गेले की आबा माझ्याकडं न बघता पाटाच्या वरच्या वळणाकडं बघत खायचे. वर कुणीतरी पाटाचं दारं, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, मोडून पाणी आपल्या उसात घेतलेलं असायचं. मग आबा घरी यायचे, फावडं भिंतीला टेकवायचे आणि भिंतीकडं तोंड करून आडवे व्हायचे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लोकांच्या उसाला पाणी द्यायला मजुरीनं जायचे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात पाणी खेळवायचं आणि घरी येताना स्वतःच्या रानातली कुसळं धोतरातून उपटत यायचं.

हे मी आज का काढून बसलेय? कारण पौष लागलाय आणि गोधडी अजून पेटीतच आहे. बारामतीत माती आणि पानं तपासायच्या प्रयोगशाळेत मी काम करते. सकाळी एस.टी.च्या खिडकीतून वारा येतो तो कोमट. शाळूची कणसं भरलीत, सुप्याच्या बाजूला हुरडा सुरू झालाय, पण हुरड्याच्या आगटीभोवती बसलेली माणसं शेकत नाहीत, घाम पुसतात. आकाशात फाल्गुनात शोभावेत असे ढग. आणि काउंटरवर रोज एक तरी बागवाला येतो, खिशातून फळ काढतो, पुढं ठेवतो आणि विचारतो, "म्याडम, रंग कशानं येईल?"

थंडीनं, मी सांगते.

"ते झालं हो. फवारायचं काय?"

त्याला मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असतं, हे मारा, ते मारा, आठ दिवसांत बाग पिवळी. मी सांगते ते त्याला मिळमिळीत वाटतं. थंडीची बाटली मिळत नाही म्हटल्यावर तो माझ्याकडं असं बघतो, की हिला सरकार पगार कशाचा देतं. मला सरकार पगार देत नाही, प्रयोगशाळा खासगी आहे, पण तेवढंही सांगायचा उत्साह आता राहिला नाही.

मला राग येतो. त्या माणसाचा नाही. माझ्या डोळ्यांपुढं दुसराच एक पौष उभा राहतो.

मी अकरावीत असताना आमचा फाटा सिमेंटचा झाला. पाण्याच्या पाळ्यांची यादी झाली आणि पहिल्यांदा आमच्या शेपटाला पाणी आलं. आबा त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभे राहिले होते, कारण नसताना. फाट्यावरच्या सगळ्यांनी ऊस लावला. आबाही ऊसच लावणार होते, आणि त्यात चूक काय? आयुष्यभर दुसऱ्याचा ऊस भिजवलेल्या माणसाला स्वतःचा ऊस नको? पण आईनं सव्वा एकर मागून घेतलं.

"मला झाडं पायजेत," ती म्हणाली. "लोकांची फळं तोडून तोडून हात गेलं. आपली तोडायचीत मला."

"मग लिंबू लाव."

"लिंबू नगं. काटं बघितलं की अंगावर काटा येतोय. मोसंबी."

"मोसंबीला पाच वरसं फळ न्हाय. तवर काय झाडाकडं बघत बसू?"

"तुमी पाटाकडं बघत बसलाच की वीस वरसं."

आबा हसले होते. क्वचित हसायचे, म्हणून लक्षात आहे. ठरलं असं: पहिलं फळ येईपर्यंत थांबायचं. पहिला बहार बघायचा. जमलं तर बाग, नाही जमलं तर ऊस. सव्वा एकरात एकशेचाळीस रोपं लागली, उरलेल्या रानात ऊस. आईनं प्रत्येक आळं स्वतः केलं.

झाडं वाढली तशी मीही वाढले. बारावी झाले, बारामतीला शेतीच्या पदवीला गेले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. एस.टी.त उभं राहून गेले, वह्यांच्या उरलेल्या पानांच्या वह्या शिवल्या आणि पहिल्या वर्गात आले. शेवटच्या वर्षी मला फळबागांचा विषय होता. मोसंबीचं प्रकरण मी असं वाचलं, जसं लोक घरच्या माणसाचं पत्र वाचतात.

त्या प्रकरणात एक गोष्ट होती, ती मला इतकी आवडली की मी ती वहीत दोनदा लिहिली. फळ पिवळं होतं म्हणजे त्याच्यात पिवळा रंग बाहेरून येतो असं नाही. पिवळा सालीत आधीपासून असतो. त्याच्यावर हिरवा पसरलेला असतो, पानात असतो तोच हिरवा. रात्री गार झाल्या, पारा बारा-तेरा अंशांच्या खाली उतरू लागला, की झाड सालीतला हिरवा मोडून टाकतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. रात्री उबदार राहिल्या तर हिरवा जागचा हलत नाही. आत रस भरलेला, गोडी उतरलेली, आणि बाहेरून फळ कच्च्यासारखं. गरम मुलखात मोसंबी हिरवीच पिकते आणि लोक हिरवीच खातात, असंही तिथं लिहिलं होतं. ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही.

सुट्टीला घरी आले आणि आबांना म्हटलं, मृग बहार धरू. उन्हाळ्यात ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, झाडं पानं गाळतील. पावसाळा लागला की फुलं येतील आणि फळ हिवाळ्यात पिकेल. थंडीत पिकलं की पिवळंधमक. पिवळा माल पुण्याला जातो.

"थंडीनं रंग येतोय?" आबांनी विचारलं.

"येतो."

"पुस्तकात हाय?"

"आहे."

त्यांनी मान हलवली. पुस्तकात आहे म्हटल्यावर आबा वाद घालत नसत. त्यांच्या दृष्टीनं पुस्तक ही तहसील कचेरीसारखी गोष्ट होती. तिथं लिहिलंय म्हणजे लिहिलंय. ही जबाबदारी किती मोठी आहे ते मला त्या वेळी कळलं नाही. मला अभिमान वाटला.

ताण दिला. झाडं सुकली तेव्हा आई दोन दिवस बागेकडं फिरकली नाही. "उपाशी ठिवलेल्या जित्राबाकडं बघवत न्हाय," म्हणाली. आषाढात फुलं आली. मोसंबीच्या फुलांचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही. पांढरा वास असतो, एवढंच म्हणेन. आमच्या घराला पहिल्यांदा कष्टाचा नाही असा वास आला. मग फळं धरली, गोटीएवढी, लिंबाएवढी, मुठीएवढी. दिवाळीपर्यंत फांद्यांना टेके द्यावे लागले. आता फक्त थंडी पडायची होती.

आणि थंडी पडली नाही.

मी कॉलेजातून आणलेलं थर्मामीटर शेळ्यांच्या गोठ्याच्या मेढीला टांगलं होतं. रोज सकाळी उठून आधी ते बघायचे. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला. बंगालच्या उपसागरात काहीतरी फिरत होतं आणि त्याचे ढग इथं आमच्या डोक्यावर येऊन बसले होते. ढग असले की रात्रीची ऊब जमिनीवरून उठून जात नाही, झाकण ठेवलेल्या भातासारखी आतच राहते. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आले होते, लांब पायांचे, गुलाबी. ते हिवाळ्याचे पाहुणे. मला त्यांचाही राग यायचा. तुम्ही आलात, मग थंडी कुठं सोडून आलात? कारखाना सुरू झाला होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मळीचा आंबूस वास. सगळा हंगाम वेळेवर होता. एक थंडीच तेवढी नव्हती.

"काय म्हणतंय तुजं काचंचं नळकांडं?" आबा चहाची बशी फुंकत विचारायचे.

"अठरा."

"मग? चांगलं का वाईट?"

"वाईट."

"बरं हाय की. म्हातारी माणसं सुखानं झोपत्यात."

पौषात मधेच तीन-चार दिवस आभाळ निवळलं. उत्तरेचा वारा सुटला. सकाळी गोठ्याच्या पत्र्यावरून दव टपकलं आणि पारा अकरावर. मी शाल न घेता बागेत धावले. आणखी दोन दिवसांनी फळांच्या बुडाला, पानाआडच्या बाजूला, हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळा दिसू लागला. मी आईला हाका मारल्या. आई आली, तिनं फळाकडं पाहिलं नाही. तळहातावर घेतलं, वर-खाली हलवलं, अंगठा सालीवरून फिरवला, देठाजवळ नख लावून हुंगलं.

"हे पिकलंय," ती म्हणाली. "रंग ईल न्हायतर न ईल. वजन आलंय, साल गुळगुळीत झालीय, बूड बसलंय. धा-पंधरा दिसांत तोडाय पायजे."

"आई, अजून आठवडाभर थंडी टिकली ना, सगळी बाग पिवळी होईल. आत्ता तोडली तर व्यापारी हिरवी म्हणेल."

"जास्त ठिवलं तर आतनं कोरडं पडंल."

"आठवडाच."

आईनं फळ परत पानात टेकवलं. पुस्तकापुढं तिनंही हात टेकले. वीस वर्षं तोडणी केलेली बाई. एका परीक्षेत पास झालेल्या पोरीपुढं.

दुसऱ्या दिवशी मी आबांना बजावलं, पाणी नको. जमिनीत आहे ओल तेवढी पुरे. नोकरीच्या मुलाखतीसाठी मला चार दिवस बारामतीला मैत्रिणीकडं राहायचं होतं. परत आले तेव्हा रस्त्यावरूनच कळलं. ओल्या मातीचा वास येत होता आणि बागेवर बगळे उतरले होते. पाणी भरलेल्या रानात किडे वर येतात, त्यासाठी बगळे येतात. सगळी बाग तुडुंब भरलेली. आळी, सरी, बांध, काही म्हणता काही कोरडं नाही. आणि मधोमध आबा, फावडं खांद्यावर, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, चेहऱ्यावर तसंच समाधान, जसं सिमेंटच्या फाट्याला पहिलं पाणी आलं त्या दिवशी होतं.

"आबा, हे काय केलंत?"

"पाळी आलती. नामदेवतात्या सांगून गेला." नामदेवतात्या म्हणजे कालव्याचे पाटकरी, कुणाची पाळी कधी ते सायकलवर फिरून सांगणारे.

"पण मी सांगितलं होतं ना, पाणी नको?"

"पाळी सोडायची?" आबांनी असं विचारलं, जसं मी घर पेटवायला सांगितलं होतं. "आगं आलेलं पानी सोडायचं?"

मग ते जवळ आले आणि हलक्या आवाजात, मला काहीतरी बक्षीस देत असल्यासारखं म्हणाले, "तूच म्हनालीस न्हवं, गारव्यानं रंग येतोय? कालव्याचं पानी लई गार आसतंय बघ. बुडाला गारवा दिला की वर रंग चढंल. आन् सोबत मूठ मूठ युरिया टाकलाय."

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. उसाच्या माणसाला दोनच औषधं माहीत: पाणी आणि युरिया. त्यातून पाटाच्या शेपटाला आयुष्य काढलेला माणूस. त्यानं वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं राहिलं आणि मुलगी म्हणते, परत पाठव. मी त्यांना थंडीनं रंग येतो एवढंच सांगितलं होतं. थंडी हवेतली, रात्रीची, आणि झाड उपाशी राहिलं तर ती लागू पडते, हे सांगितलं नव्हतं. दोनदा वहीत लिहिलेली गोष्ट मी आबांना एकदाही नीट सांगितली नव्हती. परीक्षकाला सांगितली होती. त्यानं चांगले गुण दिले होते.

पण हे शहाणपण आत्ताचं. त्या दिवशी मी ओरडले. बांधावर उभं राहून आबांना नाही नाही ते बोलले. अडाणी म्हटलं. तो शब्द तोंडातून गेला आणि बगळे उडाले, असं मला आठवतं. बगळे कदाचित आबांनी फावडं जमिनीवर आपटलं म्हणून उडाले असतील.

पाण्यानं करायचं ते केलं. आठवड्यात आभाळ पुन्हा भरून आलं, ऊब परतली, आणि झाडांना तांबूस कोवळी पालवी फुटली. झाड नव्या पानांच्या कामाला लागलं की जुन्या फळाचा हिरवा कशाला मोडील? हळदीची बोटं पुसली गेली. पिवळं पडू लागलेलं फळ पुन्हा हिरवं होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, आता अंगणातून बघितलं. रोज थोडं थोडं, जणू कुणी मुद्दाम मला दाखवून करत होतं.

दिलीपशेठ हे आमच्या भागातले फळांचे व्यापारी. गाडीतून उतरले, पहिल्या ओळीतच थांबले, पुढं आलेच नाहीत.

"आबा, ही काय भाजीची मंडई हाय का? सगळं हिरवंगार. रंग येऊ द्या, मग बोलवा."

"साखर बघा," मी म्हटलं. कॉलेजातल्या सरांकडून रिफ्रॅक्टोमीटर मागून आणलं होतं. नळीसारखं यंत्र, टोकाच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडं धरलं की गोडी आकड्यात दिसते. "पिकल्या फळाइतकी गोडी आहे. डोळा लावून बघा."

दिलीपशेठनी यंत्राकडं बघितलंसुद्धा नाही. "ताई, पुण्याचं गिऱ्हाईक दुर्बीण घेऊन येत न्हाय बाजारात."

शेजारच्या वस्तीवरची हिरवी बाग त्यांनी हलका माल म्हणून भाव पाडून घेतली. मागाहून कळलं, बंद खोलीत गॅस सोडून तीन दिवसांत ती पिवळी केली आणि पुण्याला पाठवली. तीच फळं, तोच रस. झाडावर हिरवी म्हणून हलकी, खोलीत पिवळी म्हणून भारी. गॅसनं सालीतला हिरवाच मोडतो, फळ काही बिघडत नाही, शास्त्रात त्याला मान्यता आहे. मला चीड त्याची नाही. माझ्या डोळ्यांदेखत ज्याला खोटं ठरवलं ते तीन दिवसांनी खरं कसं होतं, त्याची आहे. आणि शहरातल्या माणसाची. तो हिरवा पेरू पिकलेला समजून खातो, हिरवी द्राक्षं खातो, मोसंबीनं मात्र हळद लावूनच यायचं.

दिलीपशेठ गेले त्या संध्याकाळी आबा जेवताना म्हणाले, "जेसीबीवाल्याला सांगून ठिवलंय. शिवरातीच्या आधी झाडं काढू. सुरूचा ऊस लागंल. बेनं मिळतंय."

ठरलं तसंच होत होतं. पहिला बहार बघायचा, नाही जमलं तर ऊस. आबा शब्दाला पक्के होते, हेच तर वाईट होतं. आईनं ताटातली भाकरी मोडली, आणि मी पाहिलं, तिनं ओठ आवळले. हातांना ओरखडा नव्हता, पीठही नव्हतं.

मी त्या रागातच सकाळी उठले. आईला म्हटलं, "चल. तू म्हणशील तीच तोडायची. रंगाकडं बघायचं नाही."

"आन् यंत्र?"

"यंत्र मागाहून."

आई पुढं, मी क्रेट घेऊन मागं. ती डोळे जवळजवळ मिटून तोडायची. हात पानांत जायचा, फळाखाली तळवा जायचा, क्षणभर तोलायचा, आणि कात्री चालायची किंवा चालायची नाही. ती सोडून द्यायची त्यातली दोन मी गुपचूप तोडून तपासली. गोडी कमी. तिनं तोडलेली पाच तपासली. पाचही बरोबर. सहावं मी तपासलं नाही. मला माझीच लाज वाटली.

दोन क्रेट घेऊन आम्ही जीपनं इंदापूरला गेलो, पुणे-सोलापूर रस्त्यावर. तिथं हुसेनभाईंचा रसाचा गाडा. नाव ऐकून होते, ओळख नव्हती. मी तयारी करून गेले होते: साल हिरवी का राहते, रात्रीचं तापमान, हिरवं द्रव्य. दोन वाक्यं बोलले असेन, हुसेनभाईंनी हात वर केला.

"ताई, तुमी कातडं इकाय आनलंय का रस?"

त्यांनी चार फळं उचलली, कापली, यंत्रात घातली. पेला काठापर्यंत भरला आणि वर थोडा उरला. तो उरलेला त्यांनी स्वतः प्यायला. मग अर्धा पेला आईला दिला. आईनं तो हातात धरून ठेवला. आपल्या झाडाचा रस ती पहिल्यांदा पेल्यात बघत होती.

"बाजारातली पिवळी पाच लागत्यात ह्या पेल्याला," हुसेनभाई म्हणाले. "ठिवल्याली असत्यात, सुकल्याली. ही चारात भरली. रोज चार क्रेट आना. माझा चुलतभाऊ टोलच्या अंगाला बसतोय, त्येलाबी सांगतो."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात त्यांनी आमची क्रेट उचलून गाड्याच्या खाली सरकवली. वर, काचेपुढं, पिवळ्या मोसंब्यांचा मनोरा रचलेला होता.

"वर का नाही ठेवत?" मी विचारलं.

"वर पिवळी. ती दावायला. पिळायची तुमची." ते हसले. "गाडी थांबाय पायजे ना आधी. हिरवी बघून कोन थांबतंय?"

माझं डोकं पुन्हा फिरलं. म्हणजे रस आमचा आणि तोंड दुसऱ्याचं. मी म्हटलं, एक तरी आमचं वर ठेवा. हिरवं, पण मधोमध कापून. आत काय आहे ते दिसू दे. आई पदराआड हसत होती. हुसेनभाईंनी कपाळाला हात लावला. "शिकल्याली मानसं लई भांडत्यात बाबा," म्हणाले, आणि एक फळ कापून मनोऱ्याच्या टोकावर ठेवलं. हिरव्या सालीच्या कडेत फिकट पिवळा, रसानं चमकणारा गोल. मला ते जगातलं सगळ्यात सुंदर फळ वाटलं. पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या एका बाईंनी लगेच विचारलं, "हे कच्चं आहे का?" मी तोंड उघडलं, आईनं माझा हात दाबला.

रोज चार क्रेट, मग सहा. आबा तोडणीला येत नव्हते. माझ्याशी बोलतही नव्हते. मी अडाणी म्हटलं होतं, आणि तो शब्द परत घ्यायला मला तोंड नव्हतं. पंधराव्या दिवशी जीपवाला आला नाही, तेव्हा आबांनी न सांगता क्रेट शेजाऱ्याच्या टेम्पोत चढवल्या आणि स्वतः पुढं माझ्या शेजारी बसले. हुसेनभाई त्यांना ओळखत नव्हते. टेम्पोवाला समजून त्यांनी आबांपुढं एक पेला ठेवला.

आबांनी प्यायला. मिशी पुसली. मनोऱ्याच्या टोकावरच्या कापलेल्या हिरव्या फळाकडं बराच वेळ बघितलं.

"ह्यो आपला?" त्यांनी मला विचारलं.

"आपला."

"रंग न्हाय तरी?"

"नाही तरी."

परतताना टेम्पोत मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी बोलले ते..." ते बाहेर बघत म्हणाले, "पान्याचं मला आधी नीट सांगाय पायजे हुतं तू." आणि थोड्या वेळानं, "पाळी सोडायची म्हंजी लई अवघड काम हाय, बाळे." एवढंच. शिवरात्र आली, गेली. जेसीबी आला नाही. आबांनीच त्याला परस्पर नको म्हणून कळवलं होतं.

मी आजही चिडलेलीच आहे, खरं सांगते. हवा दर साली काहीतरी नवं करते. कधी फळं धरताना ऊन सालीवर चट्टे पाडतं, कधी थंडी येते तेव्हा आंबट रस सौम्य व्हायला वेळच उरत नाही, कधी ती येतच नाही आणि रस गुळचट होतो. आणि बाजार एकच प्रश्न विचारतो, पिवळी आहे का? मी प्रयोगशाळेत रोज तेच सांगते आणि रोज कुणीतरी फवारणीची बाटली विचारत निघून जातो. हुसेनभाईंच्या गाड्यावर आजही मनोरा पिवळाच असतो. टोकावर एक हिरवं, कापलेलं. तेवढीच आमची जागा.

परवा मी घरी होते. कोमट, ढगाळ सकाळ. नामदेवतात्या सायकल लावून दारात आले. थकलेत आता, हाक बारीक झालीय.

"आबाराव, उद्या दुपारची पाळी तुमची. तयार ऱ्हावा."

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी बागेकडं बघितलं. मग गोठ्याच्या मेढीला टांगलेल्या त्या काचेच्या नळकांड्याकडं. मग माझ्याकडं नाही, आईकडं. आई शेंगा निवडत होती, तिनं वर बघितलं नाही, नुसती मान हलवली.

"न्हाय," आबा म्हणाले. "उसाला घेतो. बागंची पाळी फुडच्याला द्या."

तात्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्या उभ्या नोकरीत शेपटाच्या माणसानं कधी पाणी सोडलं नव्हतं.

आमची एकशेचाळीस झाडं उभी आहेत. यंदाही फळ हिरवंच आहे, आणि येत्या सोमवारपासून आई म्हणेल त्या फळापासून आम्ही तोडायला लागणार आहोत.